वाचकांचे प्रश्न : चैत्रातली सायकल आणि घरचा रविवार

होळी पेटली की सायकलींविषयीची पत्रे वाढतात, हा या सदराचा जुना अनुभव आहे. थंडीत घेतलेल्या सायकली तोवर अंगवळणी पडलेल्या असतात, पळस आणि पांगारा फुललेले असतात, आणि नेमक्या त्याच सुमारास मुलांच्या परीक्षा, पाडव्याची खरेदी आणि घरातली आजारपणे एकदम दारात उभी राहतात. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या उत्तराला जागा जास्त दिली आहे, कारण त्याच आशयाची आणखीही पत्रे आलेली आहेत.

प्रश्न : मी ४३ वर्षांचा असून पुण्यात कोथरूडला राहतो. दिवाळीत गिअरची सायकल घेतली. सुरुवातीला खडकवासल्यापर्यंत जाऊन येत असे. आता आमचा गट दर रविवारी ८०-९० किलोमीटर करतो आणि पुढच्या हंगामात २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची फेरी) करण्याचा माझा विचार आहे. वजन सहा किलोंनी उतरले, रक्तातली साखर ताब्यात आली. पत्नी बँकेत नोकरी करते, मुलगी यंदा दहावीला आहे आणि आईच्या गुडघ्यांचे दुखणे असते. अलीकडे शनिवारी रात्री मी टायरमध्ये हवा भरू लागलो की घरात अबोला सुरू होतो. सायकलिंगचे फायदे तिला पटतील असे कसे समजावून सांगावे? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात दोन ओळी आहेत, त्या तुम्ही पाकीट चिकटवण्यापूर्वी पाहिल्या होत्या की नाही, हे मला सांगता येणार नाही. त्या अशा : ‘पाचला निघताना नऊपर्यंत येतो म्हणतात. येतात साडेअकराला. जेवून चारपर्यंत झोपतात.’ माझे उत्तर प्रामुख्याने या दोन ओळींना आहे.

फायदे पत्नीला समजावून सांगण्याची मुळीच गरज नाही. उतरलेले सहा किलो त्या रोज पाहत आहेत आणि साखरेचा अहवालही त्यांनी वाचलेला असणार. तुमच्या पत्रात किलोमीटर जागोजागी आहेत; परतण्याची वेळ मात्र कोठेच नाही, आणि खरा तंटा त्या न लिहिलेल्या वेळेचा आहे. तुम्ही चार तासांची फेरी समजता, परंतु पहाटे उठायचे म्हणून शनिवारी रात्री नऊलाच दिवा मालवत असाल, तर घराच्या हिशेबाने ती फेरी शनिवारी रात्री नऊला सुरू होऊन रविवारी दुपारी चारला संपते. हे एकोणीस तास झाले, आणि आठवडाभर बँकेत बसणाऱ्या बाईला मिळणाऱ्या सुटीतून ते कापले जातात.

साधा गुणाकार करून पाहा. ९० किलोमीटर अंतर ताशी २० च्या वेगाने कापायला साडेचार तास लागतात, आणि वाटेत घाट असेल तर पाच. त्यात मिसळीचा पाऊण तास, कोणाचे तरी पंक्चर, फोटोंसाठीचे थांबे आणि मागे राहिलेल्यांची वाट पाहणे धरले की साडेसहा तास होतात. पाचला निघून नऊला परतणे या अंतराला कधीच शक्य नव्हते. तुम्ही खोटे बोलत होता असे मी म्हणणार नाही, पण दर रविवारी नव्याने चुकणारा अंदाज ऐकणाऱ्याला हळूहळू खोटाच वाटू लागतो. मीही त्यातून गेले आहे. काही वर्षांपूर्वी पाडव्याच्या सकाळी बोपदेव घाट चढून परत येताना मी फोनवर ‘अर्ध्या तासात पोचते’ असे सांगितले आणि दीड तासाने पोचले. तोवर गुढी उभारून झाली होती, पाहुणे ताटावर बसले होते आणि श्रीखंड वाढण्याचे काम ज्या सासूबाईंनी उभ्याने केले, त्यांनी त्याविषयी आजतागायत एक शब्दही काढलेला नाही. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

दुपारची झोप हा अंतराचा नव्हे, उन्हाचा परिणाम आहे. फाल्गुन-चैत्रात पुण्याची पहाट गार असते आणि दुपारी पारा ३५ अंशांच्या पुढे जातो; हवा कोरडी असल्याने घाम अंगावर टिकत नाही आणि आपल्याला घाम आलाच नाही असे वाटत राहते. एकदा निघण्यापूर्वी आणि परतल्यावर वजनकाट्यावर उभे राहा. एक किलो कमी भरले तर ती चरबी नसून साधारण एक लिटर पाणी आहे, जे वाटेत प्यायला हवे होते. साडेआठच्या आत घरी परतणारा माणूस आंघोळ करून बाजारात जाऊ शकतो. साडेअकरापर्यंत उन्हात राहिलेला माणूस दिवसभर सोफ्याच्याच उपयोगाचा.

म्हणून उन्हाळा संपेपर्यंत रविवारची फेरी ४५ किलोमीटरवर आणावी, असे माझे मत आहे. गट नाराज होईल, होऊ द्यावा. खडकवासल्याच्या पुढे डोणजे फाट्यापर्यंत जाऊन परत फिरता येते. सिंहगडाचा घाट मात्र या दिवसांत मोहात पाडतो, कारण वर गेल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही समोर येते आणि घड्याळ विसरायला होते, तेव्हा तो महिन्यातून एकदा, आधी घरात सांगून ठेवावा. पौडच्या बाजूला जायचे असेल तर एक फायदा असा की, या दिवसांत दिवस चढला की वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. पहाटे हवा पडलेली असताना पिरंगुटचा चढ ओलांडून पश्चिमेला गेले तर परतीचा वारा पाठीवर मिळतो. उलट पहाटे पूर्वेला सासवडकडे गेलेल्यांना थकल्यावर समोरच्या वाऱ्याशी झुंजावे लागते आणि तेथेच सगळे अंदाज कोसळतात.

ब्रेव्हेची चिंता करू नका. २०० किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे थांबे धरूनही ताशी १५ च्या आतलाच वेग पुरतो. तेथे वेगवान माणसापेक्षा न थांबणारा माणूस पुढे जातो, आणि ती सवय आठवड्यात दोन दिवस सकाळी सव्वा तास नियमित चालवून लागते. रविवारचे शौर्य त्यासाठी लागत नाही. पावसाळ्यानंतर अंतर वाढवा.

मुलीच्या परीक्षेच्या दिवसांत मोठी फेरी अजिबात नको. पेपर नसलेल्या दिवशीसुद्धा घरात एक माणूस ताजातवाना असणे तिला हवे असते. उत्तरे कोणी तपासावीत म्हणून नव्हे, तर दार वाजले तर उघडायला आणि आजीला व्यायाम करवून घ्यायला कोणीतरी आहे, या भरवशासाठी. आईचे गुडघ्यांचे व्यायाम रविवारी सकाळी नऊला तुम्ही स्वतः करवून घ्या, म्हणजे परतण्याच्या वेळेला कारण मिळेल आणि ती पाळलीही जाईल. शनिवारची संध्याकाळ पूर्णपणे पत्नीच्या हाती द्यावी. त्या वेळेचे त्या काय करतात, हे विचारू नये. आणि पुढच्या वेळी निघताना जी वेळ सांगाल तीत अर्धा तास आपल्या मनाने वाढवून सांगा. नऊ सांगून साडेआठला आलेल्या माणसाचे स्वागत निराळे होते.

प्रश्न : माझे वय ३६. नाशिकमध्ये राहते. मुले शाळेत गेल्यावर गंगापूर धरणाच्या रस्त्याला सायकल चालवावी असे मनात आहे. दोनदा गेले तर बैठकीपाशी इतके दुखले की चार दिवस बसता येईना. शिवाय कपड्यांवरून सासूबाई ‘लोक काय म्हणतील’ असे म्हणतात. – एक गृहिणी, नाशिक

उत्तर : दुखण्याचे कारण बहुधा सीट आहे. दुकानातून सायकलीबरोबर आलेली सीट पुष्कळदा अरुंद असते, आणि बायकांच्या बैठकीची हाडे सर्वसाधारणपणे अधिक अंतरावर असल्याने भार हाडांवर न पडता मऊ भागावर पडतो. जाड गादीचे कव्हर चढवू नका, त्याने दुखणे वाढते. रुंद पण बेताची मऊ सीट बसवून घ्या. उंची अशी ठेवा की सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर टेकवली असता पाय सरळ होईल. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. पॅड असलेली सायकलची चड्डी मिळते, ती आतल्या कपड्यांशिवाय घालायची असते (हे दुकानदार लाजून सांगत नाहीत) आणि तिच्यावर सैल सलवार व गुडघ्यापर्यंतचा कुडता घातला तरी काही अडत नाही. फक्त उजव्या पायाच्या घोट्याशी सलवार रबराने बांधावी, नाहीतर चेनमध्ये जाते. ओढणी घरी ठेवावी, याबाबतीत तडजोड नको.

सासूबाईंच्या लोकांविषयी एवढेच सांगेन की, नाशिककरांना सायकलचे अप्रूप उरलेले नाही. तुमच्याच शहरातले डॉक्टर महाजन बंधू, हितेंद्र आणि महेंद्र, २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रॅम’ ही शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण करून आले, तेव्हा गावाने त्यांना डोक्यावर घेतले होते. सासूबाईंना वाद घालून पटवण्यापेक्षा परतताना त्या रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून ताजी द्राक्षे आणून पाहावीत. हंगाम सुरू आहे.

प्रश्न : वय ६६, सेवानिवृत्त. रक्तदाबाची गोळी चालू आहे. रोज १५ किलोमीटर चालवतो. उन्हाळ्यात मीठ-साखरेचे पाणी बरोबर ठेवावे असे सगळे सांगतात. ठेवावे का? – एक ज्येष्ठ वाचक, सांगली

उत्तर : सगळ्यांना तुमची गोळी ठाऊक नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर टाकतात, आणि काहींमुळे नाडी हवी तेवढी वाढत नाही. त्यामुळे मीठ किती घ्यावे हे गोळीचे नाव पाहून तुमच्या डॉक्टरांनीच सांगायला हवे. पंधरा किलोमीटरच्या फेरीला एरवी साधे पाणी पुरते. सायकलवरून उतरताना चक्कर येत असेल, तर सायकल बाजूला घेऊन सावलीत बसा आणि त्याच दिवशी दाब मोजून घ्या. पहाटे अंधारात निघत असाल तर मागचा लाल दिवा लावा. सूर्य उगवल्यावरही अर्धा-पाऊण तास तो बंद करू नका, कारण पूर्वेकडे जाणाऱ्या रस्त्यावर मागून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत नेमका तोच सूर्य असतो आणि पुढचा सायकलस्वार त्याला दिसत नाही.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे. परीक्षा संपली की त्याला माझ्याबरोबर रस्त्यावर न्यावे का? घरात दोन मते आहेत. – एक पालक, सातारा

उत्तर : त्याला अजून तोल नीट साधत नसेल, तर आधी दोन्ही पायडल काढून सीट इतकी खाली घ्या की दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतील, आणि शाळेच्या मैदानावर ढकलत-ढकलत चालवू द्या; मागून सीट धरून धावण्याची आपली जुनी पद्धत वडिलांची कंबर मोडते आणि मुलाला तोल शिकवत नाही. एका हाताने हँडल धरून दुसरा हात दाखवता येणे, मागे वळून पाहतानाही सरळ रेषेत राहणे आणि सांगताक्षणी थांबणे, या तीन गोष्टी मैदानावर जमल्या की रस्त्यावर न्यायला हरकत नाही. रस्ता मात्र सपाट आणि सकाळचा असावा. कासच्या बाजूचा रस्ता नको. चढताना मूल दमते आणि उतरताना त्याच्या छोट्या हाताच्या मुठीत ब्रेक दाबण्याचे बळ उरत नाही. तुम्ही त्याच्या पुढे जाऊ नका. किंचित मागे आणि त्याच्या उजव्या बाजूला राहा, म्हणजे वाहने तुमच्या बाहेरून जातील. हेल्मेट दोघांनी घालायचे. सायकल ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी घेऊ नका, कपड्यांसारखे ते येथे चालत नाही.

प्रश्न : सासवड-दिवे परिसरातून अंजीर आणायचे म्हटले की सायकलवर त्यांचा लगदा होतो. मुली वाट पाहत असतात. काही युक्ती? – एक सायकलस्वार, हडपसर

उत्तर : आहे. मीठा बहाराचे, म्हणजे उन्हाळी हंगामाचे, अंजीर पिकले की साल इतकी नाजूक होते की पिशवीत हँडलला लटकवले तर दिवे घाट उतरेपर्यंत काही उरत नाही. पसरट स्टीलचा डबा न्यावा, तळाशी अंजिराचीच पाने अंथरून एकच थर लावावा, वर पुन्हा पाने घालून डबा अगदी गच्च होईल असे पाहावे, कारण फळ दाबाने जितके फुटते त्याहून जास्त हलण्याने फुटते. कॅरिअरवर बांधू नये. खड्ड्यांचा सगळा धक्का मागच्या चाकावर बसतो. पाठीवरच्या सॅकमध्ये, टॉवेलात गुंडाळून ठेवावा. थोडे कमी पिकलेले निवडून मागावेत. आणि डबा मस्तानी तलावापाशी थांबून उघडू नये. माझ्या बाबतीत तेथे उघडलेल्या डब्यात घरी नेहमी चार कमी भरलेले आहेत.