कडक ऊन आणि मसाल्याची पिके: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: उन्हाळ्यात काळ्या मिरीच्या वेलाची पाने पिवळी पडतात. खत वाढवू का?

उत्तर: आधी पिवळेपणा नेमका कुठे आहे ते पाहा. एका पानावर दुसरे पान आले असेल तर वरचे बाजूला करा. खालच्या पानाचा झाकलेला भाग हिरवा, उघडा भाग फिकट आणि दोहोंमध्ये स्पष्ट रेघ दिसली, तर तो उन्हाचा मारा आहे. मिरी ही मुळात जंगलाच्या सावलीत वाढणारी वेल. भर दुपारच्या प्रकाशातला थोडाच भाग तिच्या पानाला वापरता येतो. उरलेली ऊर्जा पान उष्णतेच्या रूपात बाहेर टाकते, पण त्यालाही मर्यादा आहे. ती ओलांडली की हरितलवकातले (पेशीतल्या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हिरव्या कणातले) डी१ हे प्रथिन दुरुस्तीपेक्षा वेगाने मोडते आणि प्रकाशसंश्लेषण मंदावते. रोज हेच घडत राहिले तर हरितद्रव्यही नष्ट होते. इथे खत काही करू शकत नाही, सावलीच हवी. करपलेले पान पुन्हा हिरवे होणार नाही. फरक नव्या पालवीत दिसेल.

प्रश्न: माती ओली असूनही आल्याची पाने दुपारी गुंडाळतात. आणखी पाणी द्यावे का?

उत्तर: कृपा करून देऊ नका, कंद कुजेल. तापलेल्या कोरड्या हवेत पानातून पाणी इतके झपाट्याने उडते की मुळांचा पुरवठा कमी पडतो. मग पर्णरंध्रे, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रे, मिटतात. पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइड आत येत नाही आणि पानाचा गारवाही जातो. त्यातच उष्णतेमुळे कार्बन डायऑक्साइड पकडणारे रुबिस्को हे विकर (एन्झाइम) त्याच्याऐवजी ऑक्सिजन जास्त पकडू लागते आणि मिळवलेल्या कार्बनचा काही भाग परत निसटतो. संध्याकाळी पाने उलगडत असतील तर पीक ठीक आहे. सकाळीही गुंडाळलेलीच असतील तर मुळे आणि कंद उकरून तपासा.

प्रश्न: सर्व मसाला पिकांना ५० टक्के शेडनेट चालेल का?

उत्तर: नाही. वेलदोडा आणि व्हॅनिलाला साधारण तेवढी सावली मानवते. आल्याला त्याहून विरळ पुरते. मिरची उन्हाचे पीक, तिला दाट सावलीत फुलेच कमी येतात.

प्रश्न: मिरचीची फूलगळही उन्हाळ्यात प्रकाशसंश्लेषण मंदावल्यामुळेच होते का?

उत्तर: थोडीफार. अन्न कमी तयार झाले की झाड फुले टाकते आणि उकाड्याच्या रात्री श्वसनात साखर जास्त खर्च होते. पण कडक उन्हाळ्यात मोठा फटका परागकणांना बसतो: पारा ३५ अंशांच्या वर टिकून राहिला की ते निकामी होऊ लागतात.