गरी तीच, पण माशाची लपायची जागा गेली

प्रश्न: लहानपणी बांबूची काठी, तंगूस आणि गांडूळ एवढ्यावर गरवायला शिकलो. खूप वर्षांनी परत तळ्यावर जायला लागलोय तर शेजारची पोरं स्क्रीनमध्ये बघून गरी टाकतात आणि धरलेला मासा फोटो काढून सोडून देतात. हे सगळं कुठे चाललंय? आणि सोडलेला मासा खरंच जगतो का?

उत्तर: काका, रॉड-रीलचं टेन्शन अजिबात घेऊ नका. बांबूनंतर फायबरग्लास आलं, मग 1970 च्या दशकात कार्बन फायबरचे हलके रॉड, नंतर विणलेली दोरी, जी तंगुसासारखी ताणली जात नाही त्यामुळे माशाने नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळतं. पण मासा कुठे बसलाय हे तेव्हाही आपल्यालाच ओळखायला लागायचं, वारा बघून, गवत बघून, पाणी किती तापलंय ते बघून.

खरा फरक त्या स्क्रीनने पाडलाय. ती स्क्रीन म्हणजे सोनार, आवाजाच्या लहरी सोडून पाण्यात काय आहे ते दाखवणारं यंत्र. सोनार तसा जुनाच, 1950 च्या दशकाच्या शेवटी लॉरन्स कंपनीने छोट्या होडीवर नेता येईल असा सोनार आणला, पण तो होडीच्या खाली काय आहे तेवढंच सांगायचा. 2018 ला गार्मिन कंपनीचं लाइव्हस्कोप नावाचं सोनार आलं आणि पुढचं पाणी चालू व्हिडिओसारखं दिसायला लागलं, मासा दिसतो, आपलं आमिष दिसतं, मासा त्याच्याकडे वळला की निघून गेला ते पण दिसतं. तळ्याच्या मधोमध खोल पाण्यात फिरणारे मोठे मासे पूर्वी सहसा कुणाच्या हाती लागायचे नाहीत, आता ते लपणार कुठे? मला याची मनापासून काळजी वाटते, कारण बंदिस्त तळ्यात बाहेरून नवीन मासा येत नाही, आणि मोठी मादी म्हणजे सगळ्यात जास्त गाभोळी असलेली, तीच उचलली तर पुढच्या पिल्लांचं काय. अमेरिकेतल्या बास नावाचा गोड्या पाण्यातला मासा धरायच्या मोठ्या स्पर्धांनी हा सोनार दिवसात किती वेळ किंवा किती स्पर्धांत वापरायचा यावर बंधनं घालायला सुरुवात केलीये, हौशी लोकांसाठीही असे नियम येतील असं मला वाटतं आणि यावेत.

दुसरा नियम मला त्याहून जास्त पटतो, मधल्या साइजचे मासे खायला घ्या आणि एका ठराविक लांबीच्या वरचे सोडून द्या, काही ठिकाणी हा आधीपासून आहे. म्हणजे घरी मासा नेण्यात काही चूक नाहीये, कुठला नेतो ते बघायचं.

आता सोडण्याबद्दल. बास स्पर्धा भरवणाऱ्या रे स्कॉट यांनी 1972 मध्ये अमेरिकेतल्या बास स्पर्धांत मासे जिवंत परत सोडायची मोहीम सुरू केली आणि ती पद्धत जगभर गेली, पण सगळीकडे ती चांगलीच मानली जाते असं नाही. जपानच्या बिवा तलावात बास हा बाहेरून आलेला मासा, स्थानिक मासे खाऊन टाकतो, म्हणून तिथे 2003 पासून धरलेला बास परत पाण्यात सोडायलाच बंदी आहे. जर्मनीत तर खायचा नसताना नुसतं धरून सोडण्यासाठी मासेमारी करणं प्राण्यांच्या कायद्यात अडकू शकतं. तेव्हा आपल्या तळ्यात तो मासा मूळचा आहे का आणि नियम काय आहे ते आधी विचारा.

जगतो का? नीट हाताळला तर बहुतेक वेळा जगतो. गरीचा उलटा काटा पकडीने दाबून टाका म्हणजे ती पटकन निघते, हात ओले करून मगच धरा नाहीतर अंगावरचा चिकट थर निघतो, कल्ल्यात बोट घालू नका, फोटो पाण्याच्या अगदी जवळ आणि पटकन काढा. गरी खोल गिळली असेल तर ओढाओढ न करता दोरी तोंडाजवळ कापून सोडलेलं बरं. आणि पाणी खूप तापलेलं असेल तेव्हा त्यात ऑक्सिजन कमी असतो, मासा आधीच दमलेला असतो, सोडला तरी बरेचदा मरतो, अशा दिवसात दुपारी मी गरी टाकतच नाही, पहाटे जाऊन लवकर परततो.