परसबागेत उरलेली भाजी फूड पॅन्ट्रीला दिलेली चालते का?

आपण विचारले आहे की, न्यू जर्सीत घरामागे लावलेली भेंडी, दुधी, टोमॅटो आणि काकडी ऑगस्टमध्ये घरात संपेनाशी झाली आहे, ओळखीच्या सगळ्यांकडे वानोळा पोहोचवून झाला आहे, तर राहिलेली भाजी जवळच्या फूड पॅन्ट्रीला, म्हणजे गरजूंना मोफत अन्न वाटणाऱ्या केंद्राला, दिलेली चालते का, आणि ती खाऊन कोणाला काही झाले तर आपल्यावर बालंट येईल का. भाजी दिलेली चालते, आणि बहुतेक ठिकाणी ती आनंदाने घेतली जाते. मी याच राज्यात राहतो, घरामागे भाजी लावतो आणि हंगामात ती गावातल्या एका छोट्या पॅन्ट्रीत नियमाने नेऊन देतो. त्यावरून सांगतो की यात खरी अडचण कायद्याची नाही, वेळेची आहे.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९९६ पासून ‘बिल इमर्सन गुड समॅरिटन फूड डोनेशन ॲक्ट’ हा संघीय कायदा लागू आहे. त्याच वर्षी निधन पावलेले मिसुरी राज्याचे प्रतिनिधी बिल इमर्सन यांचे नाव त्याला दिलेले आहे. खाण्यायोग्य दिसणारे अन्न प्रामाणिक हेतूने ना-नफा संस्थेला दिले, तर देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि देणाऱ्यांत आपल्यासारखी एकटी व्यक्तीही येते. घोर निष्काळजीपणा आणि जाणूनबुजून केलेले गैरकृत्य यांना मात्र हे संरक्षण नाही. २०२३ च्या सुधारणेने दुकाने, उपाहारगृहे, शेतकरी अशांना गरजूंच्या हाती थेट अन्न देतानाही संरक्षण मिळाले, परंतु घरच्या बागवाल्याने संस्थेमार्फत देणेच सोयीचे.

आता संस्था कोणती, हा प्रश्न येतो. फूड बँक म्हणजे मोठे गोदाम. १९६७ मध्ये ॲरिझोनातील फीनिक्स येथे जॉन व्हॅन हेंगेल यांनी सुरू केलेली सेंट मेरीज ही त्यातली पहिली मानली जाते. तेथून माल ज्या छोट्या केंद्रांत जातो आणि लोकांच्या हाती पडतो, ती पॅन्ट्री. पिशवीभर भेंडी घेऊन गोदामापर्यंत जाण्यात अर्थ नाही, कारण ती तेथून पुन्हा आपल्याच गावात येईपर्यंत काळी पडेल. जवळची पॅन्ट्री शोधण्यासाठी ‘ॲम्पल हार्वेस्ट’ ही यादी उपयोगी पडते; ती न्यू जर्सीतच गॅरी ओपनहायमर यांनी २००९ मध्ये सुरू केली, आणि घरच्या बागेतली ताजी भाजी घेणाऱ्या पॅन्ट्रींची माहिती तिच्यात मिळते. पत्ता मिळाला तरी आधी फोन करावा. भाजी कोणत्या दिवशी वाटता आणि ठेवायला फ्रिज आहे का, एवढे विचारले तरी पुरते.

कारण पुष्कळशा पॅन्ट्री चर्चच्या तळघरात किंवा नगरपालिकेच्या एखाद्या खोलीत चालतात, आठवड्यातून एक-दोनदाच काही तास उघडतात, आणि तेथे डबाबंद माल रचायला फळ्या असल्या तरी पालेभाजी ठेवायला जागा नसते. वाटप गुरुवारी असेल आणि आपण शुक्रवारी सकाळी टोपली नेऊन ठेवली, तर ती भाजी पुढच्या गुरुवारी स्वयंसेवकांनाच उचलून टाकावी लागते. म्हणून तोडणीचा दिवस आपल्या सवडीने नव्हे, त्यांच्या वाटपाच्या दिवशी सकाळी किंवा फार तर आदल्या संध्याकाळी ठेवावा. भाजी धुऊन नेऊ नये. माती झटकावी, पालेभाजीची पिवळी पाने काढावीत आणि पाणी न लावता द्यावी, कारण ओली भाजी पिशवीत लवकर सडते. टोमॅटो उथळ खोक्यात एकाच थरात न्यावेत, नाहीतर खालचे फुटून वरच्यांनाही खराब करतात.

भेंडीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे तीच सर्वांत जास्त उतू जाते. ऐन उन्हाळ्यात आज बोटाएवढी दिसणारी भेंडी दोन दिवस विसरली की जून होते, आणि जून भेंडी घेणाऱ्याच्या घरी जाऊन कचऱ्यातच पडते. मंडईत भाजीवाल्याची नजर चुकवून शेंडा मोडून पाहण्याची आपली जुनी सवय येथे राजरोस वापरावी: शेंडा कट्‌कन मोडला तर भेंडी द्यावी, वाकून लोंबला तर ती आपल्या कंपोस्टमध्ये जावी. स्वतःच्या घरी जी भाजी आपण चिरायला घेणार नाही ती दानाच्या टोपलीत ढकलायची, ही वृत्ती मी पुष्कळ पाहिली आहे आणि मला ती मुळीच पटत नाही.

दुधीच्या बाबतीत जबाबदारी अधिक आहे. एखाद्या वेलाचा दुधी कडू निघतो, तो त्यातल्या कुकर्बिटॅसिन या द्रव्यामुळे. ते शिजवूनही जात नाही आणि त्याने उलट्या, जुलाब, क्वचित त्याहून गंभीर त्रास होऊ शकतो. आपल्या घरी दुधी चिरताना कोणीतरी फोड चाखून पाहते, परंतु ज्याने दुधी पहिल्यांदाच हातात घेतला आहे तो चाखेल असे धरून चालता येत नाही. म्हणून प्रत्येक वेलाचा एक दुधी आधी आपण चाखावा, आणि तो जरासाही कडवट लागला तर त्या वेलाचे एकही फळ देऊ नये.

‘भारतीय भाजी त्यांच्याकडे कोण खाणार?’ हा आपल्या लोकांत रुजलेला समज मात्र खरा नाही. भेंडी कृष्णवर्णीय अमेरिकन आणि कॅरिबियन घरांत नेहमीची आहे. आपला माठ ज्या राजगिऱ्याच्या कुळातला आहे, त्याच कुळातली पालेभाजी जमैकात कॅलालू म्हणून शिजते. कारले चिनी, फिलिपिनो आणि त्रिनिदादच्या लोकांना चांगले परिचयाचे आहे, आणि दुधीचाच लांब प्रकार सिसिलीकडील इटालियन कुटुंबे कुकुझा म्हणून आवडीने लावतात; न्यू जर्सीत अशा घरांची कमतरता नाही. मेथी तेवढी भारतीय वस्ती असलेल्या ठिकाणी न्यावी. बाकी भाजीच्या पिशवीवर तिचे नाव आणि ‘साल काढून परता’ इतपत सूचना इंग्रजी व स्पॅनिशमध्ये लिहिलेली चिठ्ठी लावली, तर स्वयंसेवकांचे काम हलके होते.

काय देऊ नये तेही सांगतो. घरी शिजवलेले अन्न, लोणची, मुरंबे आणि घरी बरणीत भरलेले पदार्थ पॅन्ट्री सहसा घेत नाहीत. आईच्या हातचे लिंबाचे लोणचे नाकारले गेले तर वाईट वाटून घेऊ नये. कीटकनाशक फवारले असेल, तर फवारणी आणि तोडणी यांत लेबलवर सांगितलेले दिवस गेलेले असावेत. कच्चे शेणखत किंवा कोंबडीखत घातले असल्यास अमेरिकी सेंद्रिय नियमांतील अंतर पाळावे: मातीला टेकणाऱ्या भाजीसाठी काढणीआधी १२० दिवस, इतर भाजीसाठी ९० दिवस. घर १९७८ पूर्वीचे असेल, तर जुन्या रंगातले शिसे भिंतीलगतच्या मातीत असण्याची शक्यता असते. रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती तपासून घ्यावी, आणि तोपर्यंत भिंतीजवळची पालेभाजी व कंदमुळे स्वतःही खाऊ नयेत, मग देण्याचा प्रश्नच येत नाही.

पुढच्या वर्षासाठी एक सुचवतो. उरलेले देण्यापेक्षा द्यायचे म्हणून वेगळी ओळ लावावी. अलास्कातील अँकरेज येथील बागकामाचे स्तंभलेखक जेफ लोवेनफेल्स यांनी १९९५ मध्ये वाचकांना हेच आवाहन केले आणि त्यातून ‘प्लँट अ रो’ हा उपक्रम अमेरिकाभर पसरला. त्या ओळीत सगळे दुधीच लावू नयेत, कारण ऑगस्टमध्ये प्रत्येक बागवाल्याकडे तेच आणि झुकिनी असते, आणि पॅन्ट्रीच्या टेबलावर त्यांचा ढीग लागतो. फरसबी, ढोबळी मिरची आणि बटरनट भोपळा लावावा. ऑक्टोबरमध्ये हिमकण पडू लागले की ताजी भाजी आटते, पण बटरनट टिकतो: तो देठ ठेवून कापावा, आठ-दहा दिवस उबदार, हवेशीर जागी वाळवावा आणि मग थंड, कोरड्या खोलीत ठेवावा, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात पॅन्ट्रीत सर्वांत जास्त गर्दी होते तेव्हा तो नेऊन देता येतो.