क्रेफिशला मराठीत काय म्हणायचं?

नागपूरहून एक प्रश्न आला आहे. इंग्रजी पाककृती मराठीत आणताना 'लॉबस्टर' आणि 'क्रेफिश' (लॉबस्टरसारखा, पण गोड्या पाण्यातला छोटा प्राणी) या दोन्हींसाठी 'मोठा झिंगा' लिहिलं तर चालेल का, की 'शेवंड' लिहावं?

'झिंगा' दोन्हीकडे नको. विदर्भात झिंगा म्हणजे नदी-तलावातली कोळंबी. तिच्यातल्या मोठ्या जातींना लांब नांग्या असतात, म्हणून घोटाळा होतो. पण त्या नांग्या बारीक, काडीसारख्या असतात आणि पायांच्या दुसऱ्या जोडीवर येतात. क्रेफिशच्या जाड, खेकड्यासारख्या नांग्या सर्वांत पुढच्या जोडीवर असतात. शिवाय झिंग्याचं अंग दोन्ही कुशींनी दाबल्यासारखं असतं आणि तो पोहतो. क्रेफिश पाठीकडून दाबल्यासारखा दिसतो आणि तळाशी चालतो.

आता शेवंड. समुद्रातल्या लॉबस्टरसाठी हा कोकणातला अस्सल शब्द, पण त्या शेवंडीला नांग्याच नसतात. असतात त्या जाडजूड, काटेरी, लांबलचक मिशा. अमेरिकेतला किंवा युरोपातला दोन मोठ्या नांग्यांचा लॉबस्टर हा वेगळा प्राणी, आणि क्रेफिशचं जवळचं नातं आहे ते त्याच्याशी, शेवंडीशी नाही. म्हणून पाककृतीत 'नांगीतलं मांस काढा' असं असेल तर तिथे 'शेवंड' लिहू नका, वाचक नांगी शोधत बसेल. तिथे 'नांगीवाला लॉबस्टर' लिहा. 'समुद्री खेकडा' तर मुळीच नको, खेकड्याचं शेपूट पोटाखाली दुमडलेलं असतं.

क्रेफिशला मराठी नाव नाही, कारण तो मूळचा भारतातला नाहीच. तेव्हा 'क्रेफिश' असंच लिहावं आणि पहिल्यांदा येईल तिथे 'गोड्या पाण्यातला, नांग्यांचा, बोटभर ते वीतभर लांबीचा प्राणी' एवढा खुलासा द्यावा. त्यातला 'फिश' फसवा आहे. जुन्या फ्रेंच 'क्रेविस'चा शेवट इंग्रजांच्या कानाला 'फिश'सारखा लागला, माशाशी संबंध नाही. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत तर समुद्रातल्या शेवंडीलाही क्रेफिश म्हणतात. मूळ मजकूर तिकडचा असेल तर 'शेवंड'च बरोबर, म्हणून पाककृती कुठली ते आधी पाहा.

शब्द चुकला की मापही चुकतं. अख्ख्या क्रेफिशच्या वजनाच्या साधारण १५ टक्केच शेपटातलं मांस निघतं, म्हणजे १ किलोत जेमतेम १५० ग्रॅम. कोळंबीत निदान दुप्पट निघतं. 'झिंगा' वाचून कुणी १ किलो झिंगे आणले तर मसाला कमी पडेल. क्रेफिशऐवजी झिंगे वापरायला सांगायचेच असतील तर सोललेल्या मांसाचं वजन लिहा.

'गोड्या पाण्यातला लॉबस्टर' हेही टाळावं. लॉबस्टर गोड्या पाण्यात जगत नाही: अंगात शिरणारं पाणी बाहेर टाकून क्षार राखून ठेवायची सोय क्रेफिशच्या शरीरात आहे, त्याच्या नाही.