स्पेनमध्ये सिनेसंगीत: यायच्या आधी एवढं वाच

व्हॅलेन्सियातला बर्कली कॉलेज ऑफ म्युझिकचा एक वर्षाचा सिनेसंगीताचा मास्टर्स केला की इथे काम मिळेल का, आणि स्पॅनिश सिनेसंगीतकार अल्बेर्तो इग्लेसियाससारखं करिअर होईल का, असं तू विचारलंयस. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

इग्लेसियास १९५५ चा, सान सेबास्तियानचा. ऑस्करचं पहिलं नामांकन 'द कॉन्स्टंट गार्डनर'ला, म्हणजे पन्नाशीत. तोवर काय केलं? १९९२ ला दिग्दर्शक हुलियो मेदेमचा 'वाकास', मग त्याचेच आणखी चार चित्रपट. नृत्यदिग्दर्शक नाचो दुआतोच्या राष्ट्रीय नृत्यसंस्थेसाठी बॅलेचं संगीत. १९९५ पासून दिग्दर्शक पेद्रो आल्मोदोवार, आणि ती जोडी आजही टिकून आहे. आल्मोदोवारचा 'आब्ले कोन एया' ('टॉक टू हर') बघ. त्यात मध्येच एक छोटा कृष्णधवल मूकपट येतो. संवाद नाहीत, त्यामुळे सगळा भार तंतुवाद्यांच्या चौकडीवर, आणि प्रेक्षकाला हसावं की घाबरावं कळत नाही. दिग्दर्शकाने असा प्रसंग निर्धास्तपणे सोपवावा, एवढा विश्वास डिग्रीने मिळत नाही रे.

म्हणून कॉलेज निवडताना वर्गातल्या सॉफ्टवेअरपेक्षा आसपास दिग्दर्शक कोण शिकतायत ते बघ. माद्रिदला एकाम ही फिल्म स्कूल आहे, बार्सिलोनाजवळ तेर्रासाला एस्काक. तिथल्या मुलांच्या शॉर्टफिल्म्सना संगीत दे, पैसे मिळोत न मिळोत. व्हॅलेन्सियाहून माद्रिद वेगवान ट्रेनने दोन तासांच्या आत आहे. नाटक आणि नृत्याची दारंही ठोठाव. आपल्याकडची बरीच मुलं तिकडे फिरकतच नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात: आल्यावर पत्त्याची नोंद म्हणजे पाद्रोन, आणि महिन्याभरात परदेशी ओळखपत्रासाठी अर्ज. अपॉइंटमेंट मिळवताना नाकी नऊ येतात, पहिल्या दिवसापासून मागे लाग. उच्च शिक्षणाच्या व्हिसावर आठवड्याला ३० तासांपर्यंत काम करता येतं. पुढे फ्रीलान्स म्हणजे 'आउतोनोमो' झालास, की कमाई होवो न होवो, दर महिन्याला सोशल सिक्युरिटी भरावी लागते. नव्यांना पहिल्या वर्षी सवलतीचा दर साधारण ८० युरो, नंतर बराच वाढतो. हा आकडा घरच्यांना आधीच सांगून ठेव.

आणि स्पॅनिश. वर्ग इंग्रजीत चालतो, पण रेकॉर्डिंगला वादकांशी आणि रात्री जेवायला बसलेल्या दिग्दर्शकाशी इंग्रजीत बोलून निभत नाही. तुझं कितपत झालंय ते कळव. बी-वनच्या (म्हणजे भाषेच्या मधल्या पातळीच्या) आत असेल तर यंदाचा सप्टेंबर सोड, पुण्यातच क्लास लाव आणि पुढच्या वर्षी ये.