लक्सातली कोळंबी काढली तरी लक्सा शाकाहारी होत नाही

ताई, तुमची पोस्ट वाचली. पुण्याहून आलेले सासू-सासरे, दोघंही पक्के शाकाहारी. लंडनमधलं साधंसं मलेशियन-सिंगापुरी रेस्टॉरंट, 'प्रॉन नको' असं दोनदा बजावून मागवलेला लक्सा (नारळाच्या दुधातला तिखट, शेवयांचा रस्सा), सासूबाईंना पहिल्याच चमच्याला आलेला वास, आणि विचारल्यावर मिळालेलं उत्तर: 'प्रॉन काढलेत, वर टोफू घातलाय.' आमच्याकडे हे जवळजवळ असंच घडलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मुलांना तिथलं खाणं आवडतं आणि पुन्हा सगळ्यांनी मिळून जायचंय असं तुम्ही म्हणताय. जाता येतं, पण विचारायची पद्धत बदलावी लागेल.

आधीच सांगतो, नियमांबद्दल जे लिहितोय ते ब्रिटनपुरतं. आणि हे शाकाहारासाठी आहे. कुणाला खरोखरची अ‍ॅलर्जी असेल तर माझ्या उत्तरावर विसंबू नका, डॉक्टरांनी सांगितलंय तेच पाळा.

मुळात लक्सातली कोळंबी वर दिसते तेवढीच नसते, ती वाटणातच असते. या वाटणाला तिकडे रेम्पाह म्हणतात. भिजवलेल्या सुक्या लाल मिरच्या, छोटे कांदे, लसूण, गलांगल (आल्यासारखा कंद), गवती चहाचा खालचा पांढरा भाग, ओली हळद, कँडलनट (एक तेलकट बी) आणि बेलाचान. बेलाचान म्हणजे अगदी बारक्या कोळंबीला मीठ लावून, आंबवून, वाळवून केलेली वडी. आपल्या कोकणातला जवळा ज्या जातीचा, तसल्याच कोळंबीची. गडद तपकिरी, दाबून घट्ट केलेली ही वडी सुरीने कापावी लागते. वापरण्याआधी तुकडा भाजतात आणि तेव्हा सुटणारा वास शेजारच्या घरापर्यंत जातो. लक्सात बहुतेक वेळा याच्या जोडीला सुकी कोळंबी कुटून घातलेली असते. हे सगळं भरपूर तेलात तेल सुटेपर्यंत परततात. हॉटेलात हे वाटण वाडग्यागणिक होत नाही. मोठ्या पातेल्यात एकदाच करून ठेवतात आणि ऑर्डर आली की त्यातून डाव काढून नारळाच्या दुधात आणि स्टॉकमध्ये उकळतात. म्हणजे तुम्ही 'प्रॉन नको' म्हणता तेव्हा आचारी फक्त वरचे चार तुकडे घालत नाही. पातेल्यातलं काढता येणं शक्यच नसतं. स्टॉकही बहुधा चिकनचा किंवा कोळंबीच्या डोक्यांचा.

म्हणून 'हे व्हेज आहे का?' हा प्रश्न विचारूच नका. ब्रिटनच्या कायद्यात 'व्हेजिटेरियन' या शब्दाची व्याख्या नाही, त्यामुळे मेनूवरचं हिरवं पान म्हणजे छापणाऱ्याचं मत एवढंच. वाढणारी मुलं बहुतेक वेळा खोटं बोलत नसतात. मांसाचा तुकडा दिसत नाही म्हणजे व्हेज, अशी त्यांची समजूत असते. मात्र व्यवस्थापनाला मी इतकी सूट देणार नाही. आम्ही ज्या ठिकाणी फसलो (नाव घेत नाही) तिथे मेनूवर लक्साच्या पुढे हिरवं पान होतं. लेखी विचारलं तर उत्तर आलं की कोळंबी विनंतीनुसार वगळली जाते, त्यामुळे पदार्थ शाकाहारींसाठी योग्य आहे. आणि त्यांच्याच अ‍ॅलर्जनच्या (त्रास देऊ शकणाऱ्या घटकांच्या) तक्त्यात, 'व्हेज लक्सा' या ओळीत, क्रस्टेशियनच्या (कोळंबी, खेकडा वगैरे) रकान्यात ठसठशीत टिक होती! दोन्ही कागद एकाच कार्यालयातून निघालेले. आयुष्यभर जे पाळलं ते वयस्कर माणसांना परक्या देशात नकळत मोडायला लावायचं आणि वर 'योग्य आहे' म्हणून कळवायचं, याचा राग अजून गेलेला नाही. ते असो.

पण उपाय त्या तक्त्यातच आहे. डिसेंबर २०१४ पासून इथल्या प्रत्येक खानावळीला ठरावीक १४ अ‍ॅलर्जनची माहिती मागेल त्याला द्यावी लागते, लेखी किंवा तोंडी. बऱ्याच ठिकाणी काउंटरखाली एक फोल्डर असतो, काही ठिकाणी क्यूआर कोड. जाऊन म्हणायचं, 'अ‍ॅलर्जन शीट दाखवा.' व्हेजबद्दल विचारल्यावर हसून मान हलवणारी माणसं 'अ‍ॅलर्जन' शब्द ऐकला की आत जाऊन विचारून येतात, कारण त्यात कायद्याची जबाबदारी आहे. मात्र अ‍ॅलर्जी नसताना 'आहे' असं सांगू नका. त्यामुळे स्वयंपाकघरात वेगळी भांडी काढावी लागतात आणि ज्यांना खरी अ‍ॅलर्जी असते त्यांच्या शब्दाला किंमत उरत नाही. शीट पाहायला अ‍ॅलर्जी असावी लागत नाही.

शीट हातात आली की आपल्या कामाचे रकाने चार. क्रस्टेशियन: बेलाचान, सुकी कोळंबी, रोजाकवर (फळं-भाज्यांच्या कोशिंबिरीवर) ओततात तो काळा हे-को सॉस, प्रॉन क्रॅकर, सगळं इथे सापडतं. फिश: फिश सॉस, इकान बिलिस नावाच्या सुक्या छोट्या मासळ्या, फिश बॉल. मोलस्क (कालवं, शिंपल्या वगैरे): ऑयस्टर सॉस, हा हिरव्या भाज्यांवर सर्रास ओततात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. चौथा एग, तुमच्याकडे अंडं चालत नसेल तर. पहिले तीन रकाने कोरे असतील तर मासळीच्या बाजूने तो पदार्थ बहुतेक निभावतो. टिक ('आहे') आणि 'मे कंटेन' ('अंश असू शकतो') यांत फरक असतो, खुणा नीट बघा. काही आळशी ठिकाणी सगळ्या रकान्यांत सरसकट 'मे कंटेन' भरलेलं असतं. त्या शीटचा उपयोग शून्य, तिथे सरळ खाली सांगितलेल्या रोटीवर या.

शीट कुठे तोकडी पडते तेही लक्षात ठेवा. चिकन, पोर्क आणि डुकराची चरबी हे त्या १४ मध्ये नाहीत. म्हणजे चिकन स्टॉकमध्ये शिजवलेला भात त्या तक्त्यात निष्पाप दिसेल. हायनानीज चिकन राईसचा नुसता भातही मागवू नका, तो चिकनच्या चरबीत परतून चिकनच्याच पाण्यात शिजवलेला असतो. म्हणून दुसरा प्रश्न तोंडी: 'स्टॉक कसला? चिकन पावडर घालता का? तळणाचं तेल एकच का?' डुकराच्या चरबीचा प्रश्न हलाल ठिकाणी उरत नाही. चिनी-मलेशियन ठिकाणी चार क्वे टियावमध्ये (परतलेल्या रुंद तांदळाच्या नूडल्समध्ये) ती असणं हीच मूळ रीत आहे. नुसतं 'पोर्क नाही' लिहिलेलं असेल तर ते हलाल असेलच असं नाही. आचारी मलेशियन असेल तर 'आदा बेलाचान?' (बेलाचान आहे का?) एवढं विचारलंत तरी चेहऱ्यावरून उत्तर कळतं. हे प्रश्न जेवणाच्या गर्दीत विचारू नका. दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान फोन करा.

आता मागवायचं काय. रोटी चानाई (सिंगापूरवाले प्राटा म्हणतात) हा पाया. मैद्याचे गोळे तेला-तुपात किंवा मार्जरीनमध्ये मुरवून, हातावर पातळ ताणून, घडी घालून तव्यावर भाजतात. काही जण पिठात अंडं किंवा कंडेन्स्ड मिल्क घालतात, ते विचारा. फ्रोझन रोटी वापरत असतील तर पाकीट दाखवा म्हणावं, त्यावर सगळं लिहिलेलं असतं. तवा मात्र अंड्याच्या रोटीचा आणि मुर्ताबाकचाही (खिमा भरलेल्या रोटीचाही) तोच, हे सासूबाईंना आधी सांगून ठेवा, त्यांना चालेल का ते त्या ठरवतील. सोबतच्या वाटीत खरी मेख आहे. डाळ असं लिहिलेलं असतं, पण वर चवीला चिकनच्या किंवा माशाच्या रश्शाचा डाव घालायची पद्धत आहे. 'फक्त डाळ, वर करी नको' असं स्पष्ट सांगा. थोसाई म्हणजे आपला डोसाच, मिळत असेल तर उत्तम, पण सांबाराच्या वाटीलाही हाच नियम.

नासी लेमाकचा भात नारळाच्या दुधात पांदानची पानं घालून शिजवतात, तो बहुधा निर्धोक. सांबाल (मिरचीची चटणी) नको म्हणा, त्यात बेलाचान असतं. आणि वरचे शेंगदाणेही नको म्हणा! पुष्कळ ठिकाणी दाणे आणि इकान बिलिस एकाच तेलात तळतात आणि एकाच बरणीत ठेवतात. नीट पाहिलंत तर दाण्याच्या सालाला मासळीचे चंदेरी कण चिकटलेले दिसतात. भात, काकडी आणि वेगळी मागवलेली लसणीवर परतलेली भाजी, असं ताट करून घ्या. कांगकुंग किंवा काईलान घ्या, 'बेलाचान नको, ऑयस्टर सॉस नको, फक्त लसूण आणि मीठ' म्हणा. ही भाजी ऑर्डर आल्यावरच परततात, त्यामुळे इथे बदल खरोखर होतो. हाच निकष सगळीकडे लावा. जे त्या क्षणी बनतं त्यात बदल मागा, जे सकाळी पातेल्यात झालंय त्यात मागू नका.

सायुर लोदे (नारळाच्या दुधातल्या भाज्या) नावावरून भाजीच आहे, पण वाटणात बहुतेक वेळा सुकी कोळंबी असते. पोपियाच्या (पातळ पोळीच्या रोलच्या) सारणातही. गादो-गादो (उकडलेल्या भाज्यांचं सॅलड) आणि तळलेल्या टोफूवरची दाण्याची चटणी शीटवर बघूनच घ्या. आसाम लक्सा (इथे आसाम म्हणजे चिंच) माशाचाच, त्याच्या वाटेला जाऊ नका. 'सिंगापूर नूडल्स' सिंगापूरचे नाहीत, हाँगकाँगच्या कँटनी स्वयंपाकाची देणगी आहे, आणि त्यात कोळंबी आणि चार सिऊ नावाचं पोर्क नेहमीचं. गोडात चेंदोल किंवा आइस काचांग (दोन्ही बर्फ घातलेले पदार्थ) निर्धास्त घ्या. पिसांग गोरेंग म्हणजे केळ्याची भजी, ती प्रॉन क्रॅकरच्याच कढईत तळली जाते का ते विचारा. काया टोस्टमधला काया म्हणजे नारळ, साखर आणि अंड्यांचा जाम.

कुणाला सुक्यामेव्याचा त्रास असेल तर एक गोष्ट: कँडलनट त्या १४ च्या यादीत नाही, त्याच्याऐवजी काही जण वापरतात ते मॅकाडेमिया आणि काजू मात्र आहेत. तेव्हा तो वेगळा विचारा.

कांदा-लसूण न खाणाऱ्या पाहुण्यांसाठी चिनी बौद्ध शाकाहारी ठिकाण शोधा. तिथे मांस, मासळी, कांदा, लसूण काहीच नसतं आणि लक्साही मिळू शकतो. फक्त तिथल्या नकली मांसात अंड्याचा पांढरा भाग असू शकतो.

आणि लक्साच खायचा असेल तर माझं स्पष्ट मत, घरी करा. चार जणांसाठी १० ते १२ सुक्या मिरच्या (ब्याडगी चालते) गरम पाण्यात भिजवून, २०० ग्रॅम छोटे कांदे, ५ लसूण पाकळ्या, गवती चहाचे ३ दांडे, गलांगल आणि ओली हळद ३-३ सेंटिमीटर, ६ काजू, १ मोठा चमचा धनेपूड, सगळं बारीक वाटा. बेलाचानच्या जागी १ मोठा चमचा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) आणि भाजून चुरलेलं अर्धं नोरीचं (सुक्या समुद्री शेवाळाचं) पान. अर्धी वाटी तेलात मंद आचेवर १५ मिनिटं परता. इथे घाई केलीत तर कच्च्या कांद्याचा वास राहतो आणि नारळाच्या दुधाने तो झाकत नाही. वाटणाचा रंग गडद होऊन कडेने लाल तेल सुटलं की ८०० मिली भाजीचा स्टॉक घाला. त्यात सुके शिताके मशरूम भिजवलेलं पाणी असेल तर चव भरते. १० मिनिटं उकळून मग ४०० मिलीचा नारळाच्या दुधाचा डबा, आणि त्यानंतर खळखळून उकळू नका, दूध फुटतं. तळलेले टोफू पफ शेवटी टाका, ते रस्सा पितात. तांदळाच्या जाड शेवया वेगळ्या शिजवून वाडग्यात घ्या आणि वर रस्सा ओता. लक्साची पानं व्हिएतनामी दुकानात 'राऊ राम' नावाने मिळतात. बाटलीतली तयार लक्सा पेस्ट घ्यायचीच असेल तर मागचं लेबल वाचा. इथे पाकिटावर अ‍ॅलर्जन उठून दिसेल असं, बहुतेक ठळक अक्षरांत छापावं लागतं, त्यामुळे श्रिम्प लगेच दिसतं. बहुतेक बाटल्यांत ते असतंच.

बिलात १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला दिसेल. तो 'डिस्क्रेशनरी' लिहिलेला असेल तर ऐच्छिक आहे. चुकीची माहिती देऊन चुकीचं ताट पुढ्यात ठेवलं असेल तर तो काढायला सांगण्यात संकोच करू नका. शीट मागूनही माहिती दिलीच नाही तर स्थानिक कौन्सिलच्या फूड सेफ्टी विभागाला कळवा, त्याला वकील लागत नाही.

सासऱ्यांना मधुमेह आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तेह म्हणजे चहा. तेह तारिक (फेसाळलेला दुधाचा चहा) आणि साध्या 'तेह'मध्ये कंडेन्स्ड मिल्क असतं, म्हणजे साखर आलीच. त्यांच्यासाठी 'तेह ओ कोसोंग' मागा, हा बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा. दूध हवंच असेल तर 'तेह सी कोसोंग', त्यात इव्हॅपोरेटेड मिल्क येतं आणि वरून साखर घालत नाहीत. कॉफीला 'तेह'च्या जागी 'कोपी' म्हणायचं. काउंटरवरच्याला हे शब्द कळले नाहीत तर साखर आणि कंडेन्स्ड मिल्क दोन्ही नको, असं वेगवेगळं सांगा. नुसतं 'नो शुगर' म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क तसंच घालून देतात.