बढती ज्येष्ठतेने की गुणवत्तेने? आधी सेवाप्रवेश नियम वाचा

शाखेतलं सगळं काम मी ओढतो आणि बढती मात्र ज्येष्ठता यादीत वर असलेल्याला, याविरुद्ध दाद मागता येईल का, असं तुम्ही विचारलंय. वकील गाठण्याआधी वरच्या पदाचे सेवाप्रवेश नियम काढा. तिथे 'योग्यतेच्या अधीन राहून ज्येष्ठतेच्या आधारे' असं असेल, तर तुम्ही सरस आहात हे सिद्ध करूनही हाती काही लागणार नाही. ज्येष्ठ माणूस किमान पात्रतेत बसला की नंबर त्याचाच. ग्रामीण बँकांनी अशाच नियमाखाली गुणांची उतरंड लावून बढत्या दिल्या होत्या. 1998 साली शिवय्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की किमान गुणांची अट खुशाल घाला, पण ती पार करणाऱ्यांत क्रम ज्येष्ठतेचाच राहील.

'निवडीने', म्हणजे गुणवत्ता पाहून, भरायच्या पदांवरही फार भिस्त ठेवू नका. केंद्र सरकारच्या सेवेत 2002 पासून डीपीसी (विभागीय पदोन्नती समिती) फक्त पात्र की अपात्र एवढंच ठरवते. बेंचमार्क, म्हणजे बढतीला लागणारी किमान प्रतवारी, गाठलेल्या कनिष्ठाला पात्र ठरलेल्या ज्येष्ठावरून उडी मारता येत नाही.

तुम्हाला राग येईल, पण मला यात फारसं वावगं दिसत नाही. गुणवत्ता मोजायची कशाने? साहेब दरवर्षी लिहितात त्या गोपनीय अहवालाने? डीपीसीपुढे जातो तो एक तक्ता: नाव, नियुक्तीची तारीख, गेल्या काही वर्षांची प्रतवारी, चौकशी चालू आहे की नाही. अहवाल बहुतेक ठिकाणी शेवटच्या तारखेला गठ्ठ्याने लिहिले जातात, 'कामसू, प्रामाणिक, आज्ञाधारक', आणि खाली सरसकट अ+. (आज्ञाधारक हा गुण कधीपासून झाला, देव जाणे.) अशा कागदावर निवड केली तर साहेबांच्या मर्जीतले लोक वर जातील, त्यात तुम्ही असालच असं नाही. ज्येष्ठता आंधळी खरी, पण तिला वशिला लावता येत नाही.

म्हणून लक्ष घालायचं ते स्वतःच्या अहवालात. सीमा रस्ते संघटनेतल्या देव दत्त या अभियंत्याला एका वर्षी 'चांगला' शेरा मिळाला. बढतीला लागत होता 'अतिशय चांगला'. शेरा त्यांना कळवलाच नव्हता, आणि त्यापायी बढती हुकली. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की प्रत्येक शेरा, अगदी चांगलासुद्धा, कर्मचाऱ्याला कळवायलाच हवा. तेव्हा गेल्या पाच वर्षांच्या प्रती मागा. प्रतवारी खाली आलेली दिसली तर मुदतीत अभिवेदन (शेरा बदलण्याची लेखी विनंती) द्या.

तात्पुरती ज्येष्ठता यादी निघाली की नियुक्तीची तारीख ताडून पाहा. हरकत तेव्हाच घ्यायची. अंतिम यादीवर गप्प राहून पुढे मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) गेलात तर पहिला प्रश्न विलंबाचा येतो. आणि राज्य सेवेत एकाच पदावर 10 वर्षं झाली असतील, तर आश्वासित प्रगती योजनेचा तुमचा प्रस्ताव आस्थापना शाखेत कुठे अडलाय ते विचारा. पदनाम तेच राहतं, वेतन मात्र वरच्या स्तराचं मिळतं.